चहाला न बोलावलेली माणसं

अंबरनाथ (पूर्व)
रविवार, २० जुलै २०२५

हर्षू,

पत्र बघून दचकू नकोस. घरात सगळे धडधाकट आहेत. मामीचा गुडघा कुरकुरतो, पण तोंड शाबूत आहे, म्हणजे काळजीचं कारण नाही. तुझा नवा पत्ता किर्तीकडून काढला. तुझ्या मैत्रिणीवर रागावू नकोस. मी तिला सांगितलं, मामीला दिवाळीचा फराळ पाठवायचाय. जुलैत कुठली दिवाळी हे त्या पोरीच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं आणि तिने दया केली.

फोन का नाही केला, म्हणशील. दोनदा नंबर लावला आणि वाजायच्या आत ठेवला. फोनवर माणूस तोंडाला येईल ते बोलतो, आणि माझ्या तोंडाचा अनुभव तुला आहे. कागदावर निदान खोडता येतं. हा चौथा कागद आहे.

दीड वर्ष झालं. गेल्या वर्षी ११ फेब्रुवारीच्या रविवारी तू जेवायला आली होतीस. मामीने खास तुझ्यासाठी वालाचं बिरडं केलं होतं. आमची रविवारची मंडळीही होती. कंपनीतून रिटायर झालेले आम्ही सात जण, कंपनीचेच शेअर घेऊन बसलेले, दर रविवारी कंपनीचे कागद वाचणारे. भीमा बारवीकडच्या पाड्यावरून आला होता, सोबत त्याची बायको ठमीही होती. आणि सगळ्यांच्या देखत मी तुला विचारलं, "काय गं, तू एवढ्या मोठ्या फंडात कामाला. आपल्या कंपनीचे शेअर ठेवू का विकू?"

तुझा घास हातातच राहिला. तू म्हणालीस, "मामा, मला ह्या कंपनीबद्दल काही विचारू नका. आज नाही, कधीच नाही."

भीमा हसला, "पोर साहेब झाली रं!" मीही हसलो. तू बिरडं अर्धं टाकून गेलीस.

मंगळवारी संध्याकाळी कंपनीने जाहीर केलं की परदेशातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक सुटलं आणि चारातले दोन प्लांट बंद होणार. बुधवारी शेअर निम्म्यावर आला. बुधवारी दुपारी मी तुला फोन केला आणि थोडं लागेल असं बोललो.

थोडं नाही. बरंच. पण आत्ता ते लिहीत नाही, कागद खराब होईल.

तुझं कसं चाललंय? नोकरी तीच ना? ऑफिसात सगळं ठीक आहे ना? म्हणजे कोणी काही विचारलं, बोलावून घेतलं, असं काही झालं नाही ना? सहज विचारतो. हल्ली मोठ्या ऑफिसांतून उगाच चौकशा होतात असं ऐकतो, म्हणून.

उत्तराची सक्ती नाही. एक ओळ आली तरी मामी गुडघ्याचं विसरेल.

मामा


अंबरनाथ (पूर्व)
रविवार, ३ ऑगस्ट २०२५

हर्षू,

तुझी ओळ आली नाही, तरी मी लिहितोय. माझं म्हणजे बॉयलरसारखं आहे. एकदा पेटलं की लगेच बंद करता येत नाही.

आठवडाभरात एक अजब गोष्ट झाली, ती तुला सांगितल्याशिवाय चैन नाही.

तुला माहीत आहे, आमची मंडळी कंपनीचा छापील अहवाल वाचते. मी सातवी पास. इंग्रजी शिकलो ते बॉयलरच्या पाट्यांवरून आणि नंतर डिक्शनरी मांडीवर घेऊन. एक पान वाचायला आम्हाला एक रविवार लागतो, पण वाचतो. तो अहवाल गेली काही वर्षं पोस्टाने येईनासा झाला. आम्ही समजलो, कंपनी कागद वाचवत असेल. जुना अहवालच फिरवून फिरवून वाचत होतो.

मागच्या सोमवारी मी आणि भीमा कंपनीच्या गेटवर गेलो. टाइम ऑफिसात मिलिंद अजून आहे. म्हटलं, "बाबा रे, आमचा अहवाल का नाही येत?"

त्याने चार ठिकाणी फोन केले आणि म्हणाला, "श्यामकाका, अहवाल वेळेवर जातोय. तुमच्या ईमेलवर."

"माझ्या? मला कुठला ईमेल?"

"आहे ना. भीमाकाकांनाही आहे. तुम्हा सातही जणांना आहे." आणि जरा थांबून, "सातही जणांना एकच आहे."

त्याने चिठ्ठीवर लिहून दिलं. भीमा चिठ्ठी उलटीसुलटी बघत म्हणाला, "श्याम, माझ्या नावावर ह्यो कोन जगतोय?"

तर तो जगत होता विठ्ठलवाडी डेपोसमोर, टहिलरामच्या झेरॉक्सच्या दुकानात. आम्ही डीमॅट खाती उघडली तेव्हा फॉर्म त्यानेच भरले होते. ईमेलच्या रकान्यात त्याने आपल्या दुकानाचा पत्ता टाकला. विचारलं तर म्हणतो कसा, "साईं, खाली छोडता तो फॉर्म रिजेक्ट होता. मैंने आपका काम रुकने नहीं दिया. उसका पैसा भी नहीं लिया!"

भांडणार कसा? खरंच घेतले नव्हते.

त्याने कॉम्प्युटर उघडला. न वाचलेले चौदा हजार मेल. लोकांचे बायोडाटा, आधार कार्डं, लग्नाच्या पत्रिका, कोणाकोणाचे हसरे फोटो, आणि मधूनमधून आमची कंपनी. अहवाल होते. सभेच्या नोटिसा होत्या. आणि दर तीन महिन्यांनी एक मेल होता की अमुक तारखेला मोठ्या गुंतवणूकदारांशी फोनवर बैठक आहे, इतरांनाही ऐकता येईल, हा दुवा. दुसऱ्या दिवशी आणखी एक मेल असायचा, झालेल्या बैठकीच्या ध्वनिफितीचा.

मी तारखा बघत मागे गेलो. ८ फेब्रुवारी २०२४, गुरुवार, सकाळी अकरा. म्हणजे तू जेवायला आलीस त्याच्या तीन दिवस आधी.

भीमा म्हणाला, "म्हंजी कंपनीनं आपल्याला आवतान धाडलं व्हतं, आन् ते इथं लगीनपत्रिकांच्या खाली दबलं?"

दीड वर्ष मी गावभर सांगत फिरलो की मोठ्यांना आतून सांगतात आणि आपल्याला दाराबाहेर ठेवतात. आणि दाराची चावी ह्या दुकानात, स्टेपलरच्या शेजारी.

पण कंपनीला मी सोडलेलं नाही बरं. सात माणसांचा एकच ईमेल, सगळे एकाच खात्यातून रिटायर झालेले, सगळे साठीच्या पुढचे. एकदा तरी कोणी विचारावं की नाही, की बाबांनो हे तुमच्यापर्यंत पोचतं का? पोस्टमनसुद्धा विचारतो.

ती ध्वनिफीत तासाभराच्या वर आहे. सगळी इंग्रजीत. उद्यापासून टहिलरामच्या दुकानात दुपारी बसून ऐकणार आहे. तो म्हणाला, "आओ साईं, दोपहर को गिऱ्हाईक कम होता है." चूक त्याची म्हणून पंखा माझ्या बाजूला फिरवून देणार आहे.

मामा


अंबरनाथ (पूर्व)
रविवार, १० ऑगस्ट २०२५

हर्षू,

हे पत्र मी एका दमात लिहिणार आहे. खोडणार नाही.

तीन दुपारी ऐकलं. पहिल्या दिवशी काही कळलं नाही. साहेब लोक एवढ्या भराभर बोलतात की डिक्शनरीचं पान उलटेपर्यंत ते पुढच्या वर्षात पोचलेले. दुसऱ्या दिवशी आकडे कळायला लागले. आणि बावन्नाव्या मिनिटाला कोणीतरी घसा साफ केला.

शब्द मला नंतर कळले. आवाज आधी. चौथीत असताना, तुझी आई गेली त्या वर्षी तू आमच्याकडे आलीस. तेव्हापासून काही मागायचं असलं की तू आधी असाच घसा साफ करायचीस. कानातली वायर ओढून मी उभाच राहिलो. टहिलराम म्हणाला, "क्या हुआ, करंट लगा?"

मग ती पाच मिनिटं मी अकरा वेळा ऐकली. एकेक शब्द लिहून काढला. मला जे कळलं ते असं.

कोणत्यातरी दुसऱ्या फंडाच्या माणसाने विचारलं की तुमच्या त्या मोठ्या गिऱ्हाइकाचं काय चाललंय. आपले साहेब हसले आणि म्हणाले, "त्याबद्दल आपण नंतर निवांत बोलू. पुढच्या आठवड्यात ऑफिसला या, चहा घेऊ." सगळे हसले. आणि तू म्हणालीस, "माफ करा. निवांत नको. सांगण्यासारखं काही असेल तर ते आधी एक्स्चेंजला कळवा, म्हणजे सगळ्यांना एकदम कळेल. तुमचे छोटे भागधारक चहाला येणार नाहीत."

मग बराच वेळ कोणी बोललं नाही. मी घड्याळ लावून बघितलं, नऊ सेकंद. नऊ सेकंद मोठमोठे फंड गप्प, आणि ते गप्प कोणी केले? आमच्या मोरीत नळाला वाटी लावून पाणी भरणाऱ्या पोरीने. मग साहेब म्हणाले की कंपनी योग्य ती माहिती एक्स्चेंजला देईल. आणि मंगळवारी दिली. मोठ्यांना आणि आम्हाला, एकाच संध्याकाळी.

म्हणजे रविवारी माझ्या घरी बिरडं जेवताना तुलाही काय ते माहीत नव्हतं. काहीतरी आहे एवढंच माहीत होतं. मी ते सगळ्यांसमोर तुझ्या तोंडून काढायला बसलो होतो.

आता दोन गोष्टी कबूल करतो.

पहिली तुला माहीत आहे. बुधवारी फोनवर मी म्हणालो, "ज्या ताटात वाढलीस त्यात विष कालवलंस. आता मोठ्यांच्या ताटात जेव, आमच्या उंबऱ्याला पाय लावू नकोस." हे मी बोललो. तुला, जिला मी शाळेत सोडायला शिफ्ट बदलून घेत होतो.

दुसरी तुला माहीत नसावी. तीच मला दीड वर्ष झोपू देत नाही, आणि त्यामुळेच पहिल्या पत्रात मी तुझ्या ऑफिसची चौकशी करत होतो. त्याच शुक्रवारी मी तुझ्या ऑफिसला पत्र घातलं. तुझ्याविरुद्ध. चार फुलस्केप. फॅक्टरीतली सवय, म्हणून कार्बन कॉपी ठेवली होती. आज समोर घेऊन बसलोय. त्यातलं उतरवून देतो, म्हणजे मला गोड करून सांगता येणार नाही:

"आपल्या कार्यालयातील कु. हर्षदा हिला आमच्या कंपनीची आतली खबर होती असा माझा पक्का संशय आहे. मी तिचा सख्खा मामा असून, समोर बसवून विचारले असताही तिने एक अक्षर सांगितले नाही. तिच्या मौनामुळे आम्ही सात जणांनी एकही शेअर विकला नाही व बुडालो. आमच्या बॉयलर हाउसात पाळी बदलताना चार्ज घेणाऱ्याला रीडिंग न सांगणाऱ्या माणसास गेटबाहेर काढीत. आपणही तसेच करावे."

गेटबाहेर काढावे. हे मी लिहिलं, आणि खाली सही केली, आणि बॉयलर सर्टिफिकेटचा नंबरही घातला.

हर्षू, मी एकतीस वर्षं बॉयलरवर काढली. तिथला पहिला नियम असा की येणाऱ्या माणसाला प्रेशर किती, पाणी किती, ते तोंडाने मोठ्याने सांगायचं आणि त्याने ते मोठ्याने परत म्हणायचं. त्याआधी कोणी चहाला हात लावायचा नाही. आणि काटा लाल पट्ट्यात गेला तर आधी आपल्या माणसाला ओरडून सांगायचं, पळ! त्यात पाप नाही. भीमाला मी दोनदा असा पळवलाय. मला वाटलं, बाजारातही तसंच. घरची पोर काट्याजवळ बसलेली आहे, तिने मामाला ओरडून सांगायला हवं.

ह्या तीन दुपारींत माझ्या टाळक्यात शिरलं. बॉयलर फुटला तर आधी पळालेल्याने कोणाचं काही नेलेलं नसतं. बाजारात मी आधी पळालो असतो तर माझे शेअर कोणीतरी घेतलेच असते ना? कोण? असाच एखादा बदलापूरचा, शहाडचा रिटायर माणूस, ज्याला भाची नाही. म्हणजे मोठ्या लोकांनी चहावर केलं असतं तेच मी बिरड्यावर करणार होतो. आणि तू दोन्हीकडे नाही म्हणालीस. तिकडे नाही म्हणालीस तेव्हा ती माणसं गप्प बसली. इकडे म्हणालीस तर मी तुला घराबाहेर काढलं.

त्या पत्रामुळे तुझी नोकरी गेली का? दुसरीकडे जावं लागलं का? पत्ता बदललाय तो त्यामुळे का? एवढं कळव. मला शिव्या घाल, पण एवढं कळव. नोकरी गेली असेल तर मी स्वतः येतो, तुझ्या साहेबांपुढे उभा राहतो, आणि लिहिलं ते खोटं होतं असं मोठ्याने सांगतो.

हे मामीला काल सांगितलं. तिने माझ्या पुढ्यातलं ताट तेवढं उचललं.

श्यामकांत
(मामा लिहायचा हक्क तू दिलास तर)


अंबरनाथ (पूर्व)
गुरुवार, २१ ऑगस्ट २०२५

हर्षू, बाळ,

तुझं पत्र काल दुपारी आलं. मला उघडवेना. मामीने उघडलं, चष्मा लावला, आणि वाचता वाचता ती जी हसायला लागली ती पदराने डोळे पुसेपर्यंत. मी म्हटलं, "अगं, रडतेस का हसतेस, काय ते एक कर." तिने कागद माझ्या अंगावर टाकला. "घ्या. तुमच्यासारखा तक्रार करणारा देव सगळ्यांना देवो."

मी ते इतक्यांदा वाचलंय की पाठ आहे. तरी एकदा माझ्या हाताने लिहून बघतो, म्हणजे खरं वाटेल.

तुझ्या ऑफिसात नियम बघणारे ते गुरुदत्त साहेब. त्यांनी माझं पत्र आलं त्याच दिवशी तुला बोलावलं. पत्र समोर ठेवलं. "हे गृहस्थ कोण?" तू म्हणालीस, "माझे मामा." मामा म्हणालीस. त्या दिवशीसुद्धा.

त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, "नात्यातल्या माणसाने माहिती फोडली, अशा तक्रारी माझ्याकडे ढिगाने येतात. माहिती फोडली नाही म्हणून रागावलेला माणूस मी पहिल्यांदा बघतोय."

आणि पुढे जेव्हा खरोखरच चौकशी झाली, त्या बैठकीत हजर असलेल्या प्रत्येकाच्या नातेवाइकांनी शेअर पडायच्या आधी काही विकलं का, म्हणून, तेव्हा तुझ्या फाइलीत काय होतं? मामाकडे शेअर आहेत, हे तू आधीच लिहून दिलेलं होतं. आणि वर मामाचं स्वतःच्या सहीचं पत्र, की पोरगी एक अक्षर बोलली नाही आणि आम्ही सातांनी एकही शेअर विकला नाही. "मामा, बाकीच्यांना महिनाभर कागद गोळा करावे लागले. माझं एका दिवसात मिटलं. बॉयलर सर्टिफिकेटचा नंबर तर साहेबांना फारच आवडला."

हर्षू, मी तुला गेटबाहेर काढायला गेलो आणि तुझ्या गेटपासवर शिक्का मारून आलो! असला गाढव मामा अख्ख्या अंबरनाथमध्ये दुसरा नसेल. पण जीव भांड्यात पडला बघ. काल संध्याकाळी मी दीड वर्षाने पोटभर जेवलो. मामीने ताट परत दिलं.

तू पुढे लिहिलंस ते मात्र हसण्यासारखं नाही. पत्राचा राग नव्हता, ताटाचं बोलणं लागलं होतं. आणि येत नव्हतीस ते त्याहूनही वेगळ्या कारणाने. "मी आले की तुम्ही सगळे माझ्या तोंडाकडे बघणार. मी बोलले तरी पंचाईत, गप्प बसले तरी तुम्ही त्याचा अर्थ लावणार. घरी येऊन मला नुसतं जेवताही येणार नाही." आम्हाला माहिती मिळत नाही म्हणून आम्ही रडत होतो. तुला माहितीपासून सुटका मिळत नव्हती, हे ध्यानातच आलं नाही.

तर ऐक. काल मंडळींना बोलावून सगळं वाचून दाखवलं. तुझं पत्र, माझी तक्रार, सगळं. भीमा म्हणाला, "श्याम, तू मला बॉयलरवर दोनदा वाचवलंस, म्हून ह्या टायमाला मी काय बोलत नाय." ठमी म्हणाली, "मी बोलते." आणि बोलली. ते इथे लिहीत नाही.

ठराव झाला की ह्या घरात तुझ्यासमोर कंपनीचं नाव निघणार नाही. ज्याच्या तोंडून निघेल त्याने सगळ्यांची भांडी घासायची.

आता ये.

तुझा मामा


अंबरनाथ (पूर्व)
मंगळवार, २८ ऑक्टोबर २०२५

हर्षू,

शनिवारी तू आलीस, राहिलीस, परवा गेलीस. घर अजून तसंच आहे. मामी तुझी गादी उचलू देत नाही.

तू असताना ठरल्याप्रमाणे तोंड बंद ठेवलं, त्यामुळे सांगायच्या गोष्टी साठल्यात. पत्रात तरी सांगता येतील ना? सगळं जगजाहीर झालेलंच आहे, पण नको असेल तर हा परिच्छेद सोडून पुढे जा. सप्टेंबरात कंपनीची वार्षिक सभा झाली, व्हिडिओवर. मी बोलणाऱ्यांत नाव नोंदवलं होतं. टहिलरामच्या दुकानात, इस्त्रीचा शर्ट घालून बसलो. माझा नंबर आला. मी मराठीत बोललो. म्हटलं, "साहेब, मोठ्या लोकांना तुम्हाला प्रश्न विचारता येतो. आम्हाला ऐकता येतं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण ऐकलेलं कळावं म्हणून बैठकीनंतर एक पान मराठीत द्या. तुमचा माल ज्यांनी तीस-तीस वर्षं बनवला त्यांना तो कुठे चाललाय ते कळू दे. दुसरं, सात माणसांचा एकच ईमेल दिसला तर एकदा फोन करून विचारा. आणि तिसरं, चहा द्यायचा तर सगळ्यांना द्या, नाहीतर कोणालाच नको."

चेअरमन म्हणाले, सूचना चांगल्या आहेत, बघू. 'बघू' म्हणजे काय, ते मला एकतीस वर्षांच्या नोकरीत कळलेलं आहे. पान अजून आलेलं नाही. पण पंधरा दिवसांनी सातही जणांना कंपनीतून एकेका मुलीचा फोन आला, ईमेल तुमचाच का, म्हणून. आता प्रत्येकाला आपापला ईमेल आहे. ठमीने भीमाचा पासवर्ड तांदळाच्या डब्यात ठेवलाय आणि त्यालाही सांगत नाही.

आता रविवारचं. तू जेवायला बसलीस तेव्हा आम्ही सगळे किती सांभाळून बोलत होतो, तुझ्या लक्षात आलं असेल. पाऊस, गुडघे, बदलापूरच्या नव्या टॉवरांचं पाणी, कोणाचा जावई कसा. भीमाने एकदा "आपल्या कं..." एवढं म्हटलं आणि ठमीने त्याच्या तोंडात जिलबी कोंबली. "गप जेव. पोर जेवतेय." तू हसलीस, आणि मग तू दोनदा भात घेतलास. मामीने मोजला. मी पण.

तू गेल्यावर मंडळी जरा बसली होती. भीमा सुपारी कातरत म्हणाला, "श्याम, पोर कंपनीचं काय म्हनजे काय नाय बोलली. म्हंजी काय तरी हाय वाटतं?"

मी म्हटलं, "भीमा, ती कधीच बोलणार नाही. चांगलं असलं तरी नाही आणि वाईट असलं तरी नाही. तिच्या गप्प बसण्यातून काही काढायचं नाही. ती गप्प बसली म्हणजे ती फक्त जेवली."

"मंग आपन काय कशावरनं काढायचं?"

"सहा तारखेला, गुरुवारी अकराला बैठक आहे. मेल आलाय. माझ्या स्वतःच्या ईमेलवर."

"इंग्रजीत?"

"इंग्रजीतच."

भीमाने सुपारी तोंडात टाकली, जरा चघळली. "बरं," तो म्हणाला, "मंग मी साडेधाला येतो. डिक्शनरी माझ्याकडं दे. मी पानं उलटतो, तू ऐक."

मामा